खाली न आलेलं पांघरूण

४ ऑक्टोबर

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर वेळी मागून घ्यायचे? हे पत्र शेजारचा शिंपी लिहितोय. त्याला बजावलंय, मी बोलेन ते जसंच्या तसं उतरव, मध्ये आपले टाके घालू नकोस. पण तो माझ्या शिव्या गाळतो. तेव्हा जिथे वाक्य एकदम सभ्य वाटेल तिथे समज, की मूळचं जरा बरं होतं.

तू गेल्यापासून घर मोठं झालंय. दोन खोल्या, पण इकडून तिकडे हाक मारली तर पोचत नाही असं वाटतं. पोचली तरी ओ द्यायला आहे कोण?

तर तू सम्राटाच्या विश्रांतीच्या किल्ल्यावर धुणं धुवायला लागलीस. ज्याच्या राज्यात कोणाच्या पाठीला विश्रांती नाही, त्याला डोंगराच्या टोकावर वेगळी विश्रांती लागते, हे बरंय! त्याचा मुलगा लढाईत गेला आणि तेव्हापासून तो वर जाऊन बसला, खाली मंत्री लढाई चालवताहेत, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. वर तो काय करतो हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. आता माझी नात तिथे आहे म्हणजे मला कळलंच पाहिजे. सगळं लिही. पडदे कसले आहेत तेसुद्धा.

मी तुला अडवलं नाही, कारण अडवून तू थांबणारी नव्हेस. सबंध हिवाळा सम्राटाच्या नजरेला न पडता जो काम करील त्याला शेवटी एक मागणं मागता येतं, हे खरं असेल तर तुझा बाप मिठाच्या खाणीतून घरी येईल. खरं नसेल तर निदान तुला चांगला साबण वापरायला मिळाला. माझ्या लेकाने केलं तरी काय होतं? लढाई सुरू व्हायच्या आधीच शवपेट्यांची मागणी आली, एवढंच चौकात बोलला. सुतार माणूस, पेट्या त्यालाच ठोकायच्या होत्या. तो नाही बोलणार तर काय न्हावी बोलेल?

इस्पितळाच्या धुलाईघरात जन्म काढलेल्या बाईचं दोन गोष्टींत ऐक. सोड्याच्या पाण्यात हात घालण्याआधी तेल चोळत जा. आणि नीळ हात राखून घाल. निळसर चादरीवर धडधाकट माणूससुद्धा आजारी दिसतो.

शिंपी म्हणतो शाई संपली. शाई आहे, त्याचं बोट दुखतंय.

तुझी आजी
(खालचा अंगठा मी स्वतः उठवलाय.)


२१ ऑक्टोबर

आजी,

नमस्कार. तुझं पत्र धुलाईघरात मोठ्याने वाचलं. बायका इतक्या हसल्या की कारभारी धावत आला. इथे हसायला बंदी नाही, पण कोणी हसत नाही, त्यामुळे त्याला काही सांडलं असं वाटलं.

किल्ला फार मोठा नाही. खालून बघितलं तर डोंगराने दगडी टोपी घातल्यासारखा दिसतो. आत भिंतीच भिंती, आणि भिंती पोकळ. जागोजागी चोरदारं आहेत. सम्राट एका दालनातून दुसरीकडे निघाले की स्वतःच हातातली घंटा वाजवत चालतात. घंटा ऐकू आली की हातात काय असेल ते घेऊन भिंतीत शिरायचं आणि आवाज लांब जाईपर्यंत अंधारात उभं राहायचं. परवा मी, आचारी आणि एक उकळता टोप असे तिघे एकाच फटीत होतो.

हे कशासाठी, तेही कळलं. मुलगा त्यांचा निरोप घेऊन गेला आणि परत दिसला नाही. तेव्हापासून एकदा पाहिलेलं तोंड पुन्हा दिसलं नाही, की त्यांना सोसत नाही. म्हणून नियम असा की त्यांना कुणाचं तोंड दिसायचं नाही. आणि ज्याचं दिसलं त्याने किल्ला सोडून जायचं नाही. कधीच नाही. एक म्हातारा माळी असाच अडकलाय. त्याची बायको खाली कुठल्याशा गावात आहे. आहे का नाही, ते त्याला माहीत नाही.

माझं काम चादरींचं. भिंतीतली वाट शयनगृहाकडे चढत जाते आणि इतकी बुटकी आहे की गाठोडं पुढे ढकलत गुडघ्यांवर जावं लागतं. वर एक झडप आहे, तीतून चादरी आत सारायच्या. पलंगावर त्या कारभारी स्वतः घालतो. गुडघे सुजलेत, पण तू काळजी करू नकोस.

एक गंमत सांगू? वरून मळलेल्या म्हणून ज्या चादरी येतात त्या मळलेल्या नसतातच. माझ्या इस्त्रीच्या घड्या तशाच असतात. अभ्र्यावर केससुद्धा नाही. धू म्हणतात म्हणून धुते. पांघरूण मात्र एक वर गेलेलं आहे, जाड लोकरीचं, ते अजून खालीच आलेलं नाही.

तुझी
भिंगरी


२ नोव्हेंबर

भिंगरे,

गुडघे सुजलेत आणि म्हणे काळजी करू नकोस! मग काय, आनंद करू?

आता माझं नीट ऐक. मी रोग्यांच्या चादरी धुतल्यात. कोण रात्रभर तळमळला, कोण नवऱ्याची आठवण काढून रडली, कोणी उशीखाली पाव लपवला, हे मला डॉक्टरच्या आधी कळायचं. माणूस पाठ टेकून नुसता पडला तरी चादर चुरगळते. घड्या तशाच खाली येतात याचा एकच अर्थ. त्या पलंगावर कुणी झोपत नाही. सम्राट तिथे नाहीच! तो कुठेतरी समुद्रकाठी पाय पाण्यात सोडून बसला असेल, आणि तुम्ही सगळे मिळून एका रिकाम्या पलंगाची सेवा करताय. घंटा कारभारी वाजवत असेल. पांघरूण तर त्यानेच घरी नेलं, पैज लाव.

तेव्हा ते गुडघ्यांवर रांगणं बंद. तू काही उंदीर नाहीस. सरळ जिन्याने वर जा, दाराशी गाठोडं ठेव आणि खाली ये. कोण बघणार आहे? भिंत?

शिंपी म्हणतो, आजी, असा सल्ला देऊ नये. मी म्हटलं, तू कोटाचं माप घे, चादरीचं मला कळतं.

इथे थंडी लवकर आलीय. माझी हाडं तसं म्हणतात.

आजी


२८ नोव्हेंबर

आजी,

उशीर झाला, रागावू नकोस. मी बरी आहे. गुडघे उतरले. तू म्हणालीस तसंच केलं, जिन्याने गेले.

एक मागते. पत्रं मोठी पाठव. गल्लीतलं सगळं सांग, कोण काय बोललं, कोण कुणाशी भांडलं, काही वगळू नकोस. इथे एक जण आहे, त्याला तुझी पत्रं वाचून दाखवते. त्याला तुझं बोलणं फार आवडतं. पहिलं पत्र त्याने परत परत वाचायला लावलं. तू शिव्या काय दिल्या असशील याचा तो अंदाज करत बसतो.

बाबांची काळजी करू नकोस. त्यांची बाज उन्हात टाकून ठेव.

भिंगरी


९ डिसेंबर

काय गं,

एक जण! आणि म्हणे आवडतं! माझं बोलणं आवडणारा पुरुष मला उभ्या आयुष्यात भेटला नाही आणि तुला पहिल्याच थंडीत सापडला? आचारी आहे का? टोपाबरोबर फटीत उभा होता तो? लाजू नकोस. दात सगळे आहेत का, एवढंच विचार. बाकी चालतं.

बरं, त्या एका जणासाठी गल्लीची हकीगत.

चौकातला सम्राटाचा घोडा आठवतो ना, दगडी, सम्राट वर बसलेला? त्या घोड्याची शेपटी उन्हात येते म्हणून बायका आता तिच्यावर लुगड्यांपासून लंगोटांपर्यंत सगळं वाळत घालतात. शिपायाने हटकलं तर लोहाराची विधवा म्हणाली, "माझ्या नवऱ्याला नेलंत, निदान शेपटी तरी राहू द्या." शिपाई निघून गेला. त्याचीही बायको तिथेच वाळत घालते.

सुईण रिकामी बसलीय. सबंध वस्तीत यंदा पाळणा हलला नाही. मी म्हटलं, बाई, पुरुष नाहीत तर बाळं काय झाडाला लागणार? शिंपी हे लिहायला तयार नव्हता. मी म्हटलं, लिही, नाहीतर तुझं बाळपण सांगते.

पावाच्या दुकानासमोर रांग लागते. पीठ कमी, भुसा जास्त. भट्टीवाला म्हणतो, "आजी, दाताखाली येईल ते चावू नका, गिळा." मी म्हटलं, मला दात आहेत कुठे? पण खरं सांगायचं तर रांगेत कोणी बोलत नाही. तिथे भांडण होत होतं तेव्हा बरं होतं.

या शिंप्याचं काय चाललंय तेही ऐका. नवे कपडे कोणी शिवत नाही. बाया नवऱ्यांचे कोट घेऊन येतात आणि म्हणतात, मुलाच्या मापाचा करून द्या. तो उसवतो, कापतो, लहान करतो. गल्लीत पोरं खेळतात ती सगळी आपापल्या बापाच्या कोटात. लांबून बघितलं की वाटतं, माणसं परत आली, फक्त आखूड होऊन आली.

हे लिहिताना शिंप्याने दोनदा नाक पुसलंय. गारठ्याने म्हणतो.

आजी


३० डिसेंबर

आजी,

तो आचारी नाही. म्हातारा आहे गं. दात थोडेच आहेत.

शेपटीचं वाचलं तेव्हा तो इतका हसला की ठसका लागला. विचारत होता, खरंच घोड्याच्याच शेपटीवर? स्वाराच्या तलवारीवर का नाही, ती तर जास्त उंच आहे? मग मी कोटांचं वाचलं. तो उठून खिडकीशी गेला आणि तिथेच उभा राहिला. मी कागद घडी करून निघून आले. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तो शेवटचा भाग पुन्हा वाच." मी वाचला. "ही बाई मला हे सांगते आहे," म्हणाला, "आणि मंत्री सांगतात की प्रजा नव्या कपड्यांत आनंदात आहे." 

बाबांसाठी खोली झाडून ठेव. खरंच ठेव.

भिंगरी


२५ जानेवारी

भिंगरे,

तुझा बाप आला.

गाडीतून दोघांनी उचलून आणला. मी दार उघडलं आणि विचारलं, कोण पाहिजे? पोटच्या पोराला विचारलं, कोण पाहिजे म्हणून. पापण्यांवर, नखांत, कानाच्या पाळीत, सगळीकडे मीठ बसलंय, धुतलं तरी निघत नाही. आणि कपड्यातून काहीही काढण्याचा मला गर्व होता! खोकतो तेव्हा शिंप्याच्या भिंतीवरची कात्री वाजते.

आल्यावर म्हणाला, "भिंगरी कुठाय?"

मी म्हटलं, किल्ल्यावर, हिवाळा संपला की येईल.

 मग त्याने सांगितलं, वाटेत शिपाई काय बोलला ते. "नशीबवान आहेस. पोरीचं तोंड सम्राटाला दिसलं, ती जन्मभर वर राहिली. तिने तुला सोडवायचं मागितलं म्हणून तू बाहेर."

म्हणजे जिन्याने गेलीस ती अशी गेलीस. म्हणजे त्या घड्यांचा अर्थ मी लावला तो साफ चुकला, पलंग रिकामा होता पण खोली नव्हती. आणि तो एक जण, तो म्हातारा, थोड्या दातांचा, ज्याला माझं बोलणं आवडतं, तो कोण, हे आता शिंप्यालासुद्धा कळलंय. त्याने लेखणी खाली ठेवली होती. मी म्हटलं, उचल.

माझ्या लेकाला त्याने खाणीत घातलं, नातीला वर ठेवून घेतलं, आणि मी इथे बसून त्याला गंमती सांगतेय. त्याची करमणूक करतेय! भुसा खाऊन!

तुझ्या म्हाताऱ्याला सांग, आजीचा आवाज बसला. तुला सोडत नाही तोवर कागद कोराच मिळेल. बघू, कशाने मन रमवतो.

तुला त्रास होईल, ठाऊक आहे. माझ्याकडे दुसरं काही नाही गं.

आजी


६ मार्च

आजी,

माझ्या दोन्ही पत्रांना तुझं उत्तर नाही. हे तिसरं. यात सगळं खरं सांगते.

त्या दिवशी जिन्याने वर गेले. दार अर्धं उघडं होतं. गाठोडं ठेवायला वाकले आणि पलंगाच्या पलीकडे, जमिनीवर, ते लोकरीचं पांघरूण दिसलं. त्यात सम्राट होते. गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून. मुलगा रणावर उघड्या जमिनीवर झोपत असे, म्हणून तेही तेव्हापासून जमिनीवरच झोपतात. मी पळायला हवं होतं. मी तिथेच उभी राहिले. मनात आलं, फरशी केवढी गार असेल. तेवढ्यात ते वळले.

"अरेरे," म्हणाले. "पाहिलं मी तुला." हातून काच पडून फुटल्यावर माणूस बोलतो तसं.

कारभारी आला. तो म्हणाला, मागणं रद्द, आता ही इथेच राहील. ते म्हणाले, "राहणार आहेच, मग मागू तरी दे." मी बाबांना मागितलं. तुला कळवलं नाही, कारण तू लगेच स्वतःला बोल लावला असतास. सल्ला तू दिलास, पण जिना मी चढले. तुझ्या सांगण्याने मी एरवी तरी कधी चालले आहे?

ते वाईट वागत नाहीत. मी त्यांच्यासमोर बसते, वाचते. तुझं पत्र येईना तेव्हा मी कोरा कागद धरून मनाने बोलत गेले, आजी असं म्हणते, आजी तसं म्हणते. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझी आजी हल्ली कुणाला चिमटा काढत नाही. आजारी आहे का?" मला हसू आलं आणि मग रडू आलं.

बाबा काय खातात? कुशीवर झोपवतेस ना त्यांना? मला विचारतात का?

लिही गं. त्यांच्यासाठी नको. माझ्यासाठी.

भिंगरी


१९ मार्च

भिंगरे,

हे त्याच्यासमोर मोठ्याने वाच. घाबरू नकोस, आवाज चढव.

अरे बाबा, तुला महाराज वगैरे म्हणायला मला जमायचं नाही, वयाने मी मोठी आहे. तुझं दुःख माझ्या कानावर आलं. पाहिलेलं तोंड परत दिसलं नाही की सोसत नाही म्हणतोस. तुला वाटतं, हे तुझ्या एकट्याचंच? आमच्या गल्लीत एक दार दाखव, जिथून तोंड जाऊन परत आलं. आम्ही काय कुणाला पोकळ भिंतीत कोंडून ठेवलं? पावाच्या रांगेत उभ्या राहिलो.

माझा लेक तू परत दिलास, पण देऊन दिलास तो उरलेला. वैद्य म्हणतो, छातीत मिठाचे खडे झालेत. तो दाराकडे तोंड करून पडतो. मी पाणी देते, पितो, आई म्हणतो, आणि पुन्हा दाराकडे बघतो. त्याला मी नकोय. त्याला पोरगी हवीय.

म्हणून सौदा सांगते. तुझा नियम मोडू नकोस, कारभाऱ्याला आकडी येईल. तुला एक तोंड हवं ना? माझं घे. जुनं आहे, सुरकुतलेलं आहे, पण कुठे पळून जाण्यासारखं नाही. कागदावरच्या आजीपेक्षा बोलती आजी समोर बसेल. शिंपी ज्या शिव्या गाळतो त्याही मिळतील. वर शिधा नेणाऱ्या पहिल्या खेचरांबरोबर मी निघते. जिन्याने येणार आहे, घंटा वाजवायच्या भानगडीत पडू नकोस. मी डोंगर चढायला लागले की तिला खाली जाऊ दे, आणि पोचले की मला नीट बघून घे. तिचं तोंड दिसेनासं होईल, ते तुला सोसावं लागेल. शीक. मी शिकवीन.

भिंगरे, आता यापुढचं मनात वाच.

तुझ्या बापाला विचारलं. म्हटलं, जाऊ का? त्याने आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "आई, परत भेट नाही होणार." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग जरा बस, मग जा." बसले. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. केसातही मीठच.

मला भेटून वेळ घालवू नकोस. वाटेत गाठ पडेल, तेव्हा गळ्यात पडलीस तर मी परत फिरेन, आणि मग सगळंच फुकट जाईल. हात कर आणि उतरत राहा. त्याला कुशीवर झोपव. पातळ पेज, थोडी थोडी.

आणि रडत बसू नकोस, मी तुझ्यासाठी हे करत नाहीये. मला ते पडदे बघायचेत. तू काही लिहिलं नाहीस त्यांच्याबद्दल.

तू पत्र लिहिशीलच. मला कोण वाचून दाखवणार म्हणशील. तोच! नाहीतरी बसून काय करतो?

आजी


२ मे

आजी,

मी पोचले. तू सांगितलंस म्हणून वाटेत फक्त हात केला. वळून नाही बघितलं असं मात्र नाही. खेचरावर तू पायलीसारखी गोल दिसत होतीस, शालींत गुंडाळलेली.

बाबांनी मला लगेच ओळखलं. म्हणाले, "उशीर केलास," आणि हसले. गेले काही दिवस मी त्यांच्याजवळच होते. त्यांना तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचून दाखवली. सुईणीचं ऐकून हसले. खोलीला खिडकी हवी होती म्हणाले, मागच्या भिंतीत कुठे पाडायची तेही बोटाने दाखवलं. शिंपीमामा रोज येतात, तुझ्या जागेवर बसतात आणि मग आठवण झाली की उठून दुसरीकडे बसतात. घोड्याच्या शेपटीवर आज आपलंही धुणं आहे.

महाराज, इथपर्यंत आजीला मोठ्याने वाचा. यापुढचं आधी तुम्ही वाचा.

बाबा परवा सकाळी गेले. माझा हात धरून, शांतपणे. मला हे तिला लिहिता येत नाही. किती वेळा लिहायला घेतलं. तिने मला सोडवायला त्यांना सोडलं, आणि तिला वाटतंय की मी त्यांना जपतेय. तुम्ही तिच्यासमोर बसता. तुम्हीच सांगा. आधी तिला बसवा. गोल गोल बोलू नका, तिला ते लगेच कळतं आणि राग येतो.

भिंगरी


२० मे

भिंगरे,

अक्षर बघून दचकू नकोस. शिंप्यापेक्षा वाईट आहे. जन्मभर नुसती सही केली की असंच होतं. तो म्हणतो, हेही लिहायचं? मी म्हटलं, लिही.

तुझं पत्र त्याने वाचलं. खिडकीपर्यंत छान वाचलं, शेपटीपर्यंत वाचलं, मग कागद खाली केला आणि म्हणाला, "एवढंच आहे." मी म्हटलं, मला वाचता येत नाही रे, पण दिसतं. अजून अर्धा कागद काळा आहे.

मग तो उभा राहून बोलायला लागला. मी म्हटलं, बस. मला बसवायला सांगितलं असेल, मी बसलेलीच आहे, तू बस. बसला.

"तो गेला," म्हणाला.

कोण गेला?

"तुझा मुलगा."

कशाने?

त्याने कागदाची घडी केली. मी पुन्हा विचारलं, कशाने रे?

"मिठाने."

कोणाच्या?

 माळी बाहेर पाणी घालत होता, त्याचा तेवढा आवाज. मग म्हणाला, "माझ्या."

तेवढ्यावर मी त्याला सोडला. मग मी रडले. मी कशी रडते हे तू कधी पाहिलेलं नाहीस, तेव्हा तुला ते सांगत नाही. तो जागचा हलला नाही. कारभारी दारातून डोकावला तर त्याला म्हणाला, "जा." संध्याकाळी मीच विचारलं, जेवलास का? नाही म्हणाला. मग दोघांनी थोडं थोडं खाल्लं. काय करणार, समोर बसलेल्या माणसाला उपाशी ठेवता येत नाही मला. माझीच खोड.

तू माझ्या लेकाचा हात धरून होतीस. बस. मला तेवढंच हवं होतं, त्यासाठीच मी इथे आहे. मी त्याच्याजवळ नव्हते हे रोज दुखेल, पण तू त्याच्याजवळ नसतीस तर जास्त दुखलं असतं. त्याची करवत, रंधा गंजू देऊ नकोस. खिडकी त्याने दाखवली तिथेच पाड. वर यायचं नाही. आलीस तर मी भिंतीत शिरेन.

पडदे करड्या रंगाचे आहेत. काही खास नाहीत.

माझं बोलून झालं. पण हा अजून लिहितोय. मी गप्प बसलेय तरी याची लेखणी चाललीय. काय लिहितोस म्हटलं, तर सांगत नाही.

आजी


पोरी,

हे तुझ्या आजीने सांगितलेलं नाही. खाणीतली सगळी माणसं सोडण्याचा हुकूम मी आज स्वतःच्या हाताने लिहिला. असाच एक हुकूम माझा मुलगा गेला त्या वर्षीही लिहिला होता. इथून हुकूम निघतो तो मला दिसतो, पुढे त्याचं काय होतं ते मला कोणी खरं सांगत नाही. तू खाणीच्या दाराशी जा. कोण बाहेर आलं ते बघ आणि तुझ्या आजीला लिही. मी तिला वाचून दाखवीन.

कोणीच बाहेर आलं नसेल, तर तेच लिही.